तिसरं डायलिसिस

डायलिसिस घेणाऱ्या माणसाला आम्ही तेच तेच सांगत असतो. पाणी मोजून प्या, मीठ कमी करा, डबाबंद काही नको. बटाटा खायचाच असेल तर चिरून भिजवा, ते पाणी फेका, दुसऱ्या पाण्यात उकडा, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. तालुक्याच्या कॉलेजात शिकून कुवेतच्या रुग्णालयात टेक्निशियन झाले, याचं मला अजून अप्रूप वाटतं. हे पथ्य मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत सांगता येतं, याचा थोडा अभिमानही होता.

आमची मशीनं दुरुस्त करणारे इंजिनीअर पॅलेस्टिनी आहेत. जन्म कुवेतचा, धाकटा भाऊ मात्र गाझात. सगळे त्यांना 'मुहंदिस' म्हणतात, म्हणजे इंजिनीअरच. मशीनची स्क्रीन अडली की ते आधी माझ्या हळदीने पिवळ्या बोटांकडे बघायचे आणि विचारायचे, आज कुठला मसाला?

युद्ध सुरू झालं आणि ही थट्टा बंद पडली. त्यांचा भाऊ डायलिसिसवर आहे, हे मला तेव्हा कळलं. आठवड्यातून तीनदा व्हायचं ते दोनदा होऊ लागलं, तेही निम्म्या वेळाचं. तेवढ्यात अंगातलं पाणी पुरतं निघत नाही, मग ते फुफ्फुसात साठतं. आम्हा दोघांनाही हे माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, "उख्ती, पथ्याने काही साधेल का?" ते मला उख्ती म्हणतात, आपल्याकडे ताई म्हणतात तसं.

मी सगळं पथ्य सांगितलं, बटाट्यासकट. त्यांनी ते भावाला कळवलं. दुसऱ्या दिवशी भावाचा आवाज मला ऐकवला आणि अर्थ सांगितला.

"ताईला सांग, एकदा काय, दहादा उकडतो. आधी बटाटा पाठव."

त्या आवाजामागे कुणीतरी हसत होतं. मला हसता आलं नाही. तिथे डबाबंद घेवड्याखेरीज काही मिळत नव्हतं, आणि भिजवून फेकायला सोडाच, प्यायलाही धड पाणी नव्हतं.

गावाकडच्या ग्रुपवर मात्र सगळ्यांकडे तोडगा होता. कुणाला हटवायचं, सीमा कुठे आखायची, सगळं ठरलेलं. एका भाच्याने नकाशा रंगवून पाठवला. तू तिथून जवळ आहेस, तुझं मत सांग, असा आग्रह सुरू झाला. मी कसली जवळ? मी कुवेतमध्येच, फिंतासच्या फ्लॅटमध्ये एसी लावून भांडी आपटत होते.

मग शस्त्रसंधी झाली. स्टाफ रूममध्ये कुणीतरी बकलावा मिठाई आणली. टीव्हीवर सुटून आलेले इस्रायली ओलीस दिसत होते, त्यांच्या आया त्यांना सोडत नव्हत्या. मुहंदिस उभ्यानेच पाहत राहिले. "चला, त्यांची पोरं तरी आली," एवढंच म्हणाले. मला त्यात टोमणा वाटला नाही. आता सगळं सुटेल बघ हळूहळू, असं घरी नवरा म्हणाला, आणि माझाही विश्वास बसला.

भावाचं डायलिसिस दोनदाच राहिलं. कधी जनरेटरला इंधन नसे, कधी मशीनचा सुटा भाग सीमेवर अडकलेला असे. तसला भाग आमच्या कपाटात पडून असतो. बातम्यांत शस्त्रसंधी टिकून असल्याचं सांगायचे, आणि त्याच बातमीत आजचे मृत. पुढच्या टप्प्याची चर्चा म्हणे लवकरच होणार होती. दर वेळी नवे लोक हात मिळवताना दिसायचे आणि दर वेळी मी मुहंदिसांना विचारायचे, भावाचं डायलिसिस वाढलं का? दोनदाच, म्हणायचे ते. शेवटी मी विचारणं सोडलं.

परवा मुहंदिस मशीनचं मागचं झाकण उघडून बसले होते, तेव्हा त्यांनी न वळता सांगितलं, "पायावर सूज चढलीय. रात्री आडवं होता येत नाही त्याला. आता काय बंद करायला सांगू?"

बंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चिडूनच म्हणाले, "काही बंद करू नका. तिसरं डायलिसिस मागा."

"कुणाकडे मागू, उख्ती?"

त्यांनी झाकण लावलं, मशीन सुरू केलं. पुढच्या पेशंट आजींची चाकांची खुर्ची दारात येऊन थांबली होती. मला आजींकडे जायचं होतं. त्याला पाणी आणखी थोडं कमी करायला सांगा, असं मी म्हटलं, आणि त्यांनी ते कळवण्यासाठी खिशातून फोन काढला.