रफिकभाईंसोबतचा अर्धा तास

रफिकभाई काल सकाळी गेले. ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, 'संस्थेचा आधारस्तंभ हरपला.'

याच आधारस्तंभाला दीड वर्षापूर्वी काढून टाकायचं ठरलं होतं.

आणि काढायच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव मी दिलं होतं.

हो, मीच. ग्रुपवर कोणी हे लिहिणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमची संस्था हातपंप, म्हणजे हापशा, दुरुस्त करते, गावांतलं पाणी तपासते. ऑफिस पांढरकवड्यात, कामाची गावं झरी जामणीकडची. सात जणांची टीम, मी मॅनेजर. रफिकभाई आमचे मिस्त्री. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी.

त्यांच्याबद्दल तक्रारी एकाच प्रकारच्या. फोन उचलत नाहीत. सोमवारच्या मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसतात, सगळ्याला 'हो' म्हणतात आणि सांगितलेल्या गावाऐवजी भलत्याच गावी जातात.

मी दोनदा चारचौघांत झापलं त्यांना. मग यादीत नाव टाकलं.

त्याच महिन्यात मी वन-ऑन-वन सुरू केले. दर मंगळवारी, प्रत्येकाशी अर्धा तास, एकट्याने. खरं सांगायचं तर एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, म्हणून. टीमला वाटलं, मॅडम एकेकाला आत बोलावून चौकशी करणार.

पहिल्या मंगळवारी रफिकभाई आले ते पान्यांची पिशवी घेऊन. पिशवी टेबलावर ठेवली, वर ओळखपत्र ठेवलं.

"मले काढून राह्यल्या न मॅडम? सामान पुरं हाये याच्यात. पाहून घ्या."

यादी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

मी म्हटलं, तसं काही नाही, फक्त बोलायला बोलावलंय. "कायचं बोलनं?" त्यांनी विचारलं. ते मलाही माहीत नव्हतं. चहा पीत आम्ही झरीच्या रस्त्याबद्दल बोललो आणि अर्धा तास कसाबसा संपवला.

दुसरा मंगळवारही तसाच गेला.

तिसऱ्या मंगळवारी लाइट गेली होती. पंखा बंद. आणि रफिकभाई चक्क बोलत होते! कुठल्या गावच्या हापशीचा पाइप सडलाय, कुठे लोक पिण्यालायक नाही म्हणून लाल खूण केलेल्या हापशीचंच पाणी पितात, सगळं सांगत होते. मध्येच लाइट आली आणि तो जुना पंखा खडखडायला लागला. त्यांनी खुर्ची उचलली, माझ्या अगदी जवळ आणून ठेवली. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि खुर्ची मागे न्यायला लागले.

मी उठून पंखा बंद केला. विचारलं, "रफिकभाई, ऐकू येत नाही का?"

त्यांनी खुर्ची होती तिथेच टेकवली.

"डावा कान पुरा गेला मॅडम. उजवा अर्धा. तोंडाकडे पाहून समजते मले. मागं बसलो की कोनाचं तोंड दिसत नाई. पुढं बसलो तर तुमी काई इचारान." मग म्हणाले, "कोनाले सांगू नका. बहिरा म्हनतीन अन् घरी बसवतीन."

मी त्यांना दोनदा झापलं होतं. ते त्यांना ऐकूही गेलं नसेल, फक्त माझा चेहरा दिसला असेल.

त्याच दुपारी मी नागपूरच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांना कळवलं, हे नाव मी दिलं होतं, मीच परत घेते. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगणार नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही मॅनेजर आहात, त्यांची मैत्रीण नाही." त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये 'निर्णयक्षमता कमी' असा शेरा आला.

येऊ दे. तो कागद मी जपून ठेवलाय.

मी त्यांना फोन करणं बंद केलं, मेसेज सुरू केले. काम सांगताना समोर उभी राहून सांगायला लागले. भलत्या गावी जाणं थांबलं.

तीनेक महिन्यांनी एका सोमवारी भर मीटिंगमध्ये रफिकभाई उभे राहिले. मी काही सुचवलं नव्हतं.

"मले ऐकू येत नाई. ज्याले काम सांगाचं हाये, त्यानं समोर येऊन सांगा. हापशीले कान लागत नाई. हँडलवर हात ठेवला की बिमारी समजते मले."

कोणी हसलं नाही.

त्यानंतर टीमच बदलली. पाणी तपासणाऱ्या लक्ष्मीताई त्यांच्या मंगळवारी म्हणाल्या, मले हापशी दुरुस्त करनं शिकाचं हाये, चार वर्षांपासून मनात हाये, कोनी इचारलंच नाई. रफिकभाईंनी शिकवलं. गावात लोक बाईच्या हातात पाना पाहून गंमत करायचे, तेव्हा रफिकभाई बाजूला ओट्यावर बसून राहायचे, हँडलला हात लावायचे नाहीत. "मी पाहुना हाये," म्हणायचे. "मिस्त्री ह्या हायेत."

काल पहाटे नमाजहून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी आणि लक्ष्मीताई भाभींजवळ बसलो होतो. भाभी म्हणाल्या, मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. त्या चिडवायच्या, इंटरव्ह्यू आहे का म्हणून. कानाबद्दल लिहू का, असं मी विचारलं. "लिवा," त्या म्हणाल्या. "त्यांनीच साऱ्या गावाले सांगलं होतं, तुमी कायले लपवता?"

आज दुपारी वरून मेल आलाय. वन-ऑन-वनमध्ये वेळ जातो, या महिन्यापासून बंद करावेत, त्याऐवजी प्रत्येकाने ऑनलाइन फॉर्म भरावा.

मी उत्तर पाठवलं: बंद होणार नाहीत.

पुन्हा मेल येईल. पुन्हा हेच उत्तर जाईल. माझं नाव कुठल्या यादीत घालायचं ते घाला.

रफिकभाई, मॅनेजर होऊन दोन वर्षं झाली तेव्हा कुठे मी तुम्हाला समोर बसवून पहिल्यांदा विचारलं, कसे आहात. त्या दोन वर्षांची माफी मागते. तुमची. बाकी कोणाची मागणार नाही.

अल्लाह तुम्हाला जन्नत देवो. आमच्या सगळ्या टीमचा तुम्हाला शेवटचा सलाम.