ज्याचा प्रबंध, त्यानं गप्प बसायचं

आम्ही कारखान्याची कॉलनी सोडली ती भर दुपारी. टेम्पोत कपाटं, गाद्या, आईचा पाटा-वरवंटा आणि ड्रायव्हरशेजारी बाबा, नाकासमोर बघत बसलेले. कॉलनीतल्या लोकांनो, सुट्टीचा वार होता, तुम्ही सगळे घरी होतात. एकाही दारातून कोणी बाहेर आलं नाही. आदल्या दिवाळीत आमच्याकडे ज्यांनी फराळ हाणला, त्यांनीही दारं लावून घेतली. मी ते विसरलेले नाही, म्हणून हे आधी तुम्हालाच लिहितेय.

बाबा साखर कारखान्यात केमिस्ट. मळीचं पाणी ओढ्यात चोरून सोडतात, खालच्या गावची जनावरं मरतात, हे त्यांनी भर सभेत उभं राहून सांगायला घेतलं. चेअरमनसाहेबांनी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. महिन्याभरात नोकरी गेली, नोकरीबरोबर क्वार्टर. पुण्याच्या दोन खोल्यांत आल्यावरही आई म्हणायची, "त्यांना वाईट बोलू नकोस गं, त्यांचं अन्न खाल्लंय आपण." मला ते तेव्हाही पटलं नाही. अन्न बाबांच्या घामाचं होतं.

पुढे मी आयटीत नोकरी केली, लग्न केलं, कॅनडात आले. मग चांगला पगार सोडून मॉन्ट्रियलमध्ये बिझनेस एथिक्समध्ये पीएचडी करायला लागले. सासरची माणसं हसतात, म्हणतात, धंद्यात कसली आलीय नीती! त्यांना काय सांगू, मला त्यात नीतीपेक्षा वैराचीच ओढ जास्त होती.

आमच्या विषयात पीएचडी करणाऱ्यांसाठी दरवर्षी दोन दिवसांचं वर्कशॉप असतं. नोकरीला अप्लाय कसं करायचं, पेपर कुठे पाठवायचा, वर्गात शिकवायचं कसं, हे प्राध्यापक मंडळी बेगल नावाचे गोल पाव खात खात समजावतात. मग गोल टेबलाभोवती एकेकाच्या प्रबंधाची चिरफाड. नियम एकच, ज्याचा प्रबंध त्यानं चर्चा संपेपर्यंत गप्प बसायचं. माणसाला ऐकून घेण्याची सवय लागावी म्हणून.

यंदा माझ्या टेबलावर टोरांटोचा एक मुलगा होता, प्रणव. मी मराठी म्हटल्यावर धावतच आला. "ताई, तुम्ही पुण्याच्या का? बरं वाटलं हो. कालपासून इंग्लिश-फ्रेंच ऐकून कान किटले." माझ्यासाठी कॉफीही घेऊन आला. माझ्या सासरच्या आडनावावरून त्याला काय कळणार? त्याचं आडनाव मात्र मी झोपेतही ओळखलं असतं. चेअरमनसाहेबांचा धाकटा. त्याचा मसुदा ईमेलवर आधीच आला होता. वडिलांचा कारखाना म्हणजे समाजाची काळजी वाहणारा आदर्श उद्योग, असा एकूण सूर. मी तयारीनंच गेले होते.

सगळ्यांनी कौतुक केलं. टेबल चालवणाऱ्या क्वेबेकच्या प्राध्यापकबाई "त्रे बियाँ, त्रे बियाँ" करत होत्या. मग माझी पाळी आली. इथे कोणाचा गळा धरायचा असेल तरी तो हळुवार धरतात, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलेय. "आय ॲम जस्ट क्युरियस," मी म्हणाले, "ओढ्याकाठच्या खालच्या गावातलं कोणीच यात कसं बोलत नाही?" आणि मग आवाज न चढवता सगळं सांगितलं. मळी, मेलेली जनावरं, सभेतलं अर्धवट वाक्य. तो केमिस्ट माझा बाप, हेही सांगितलं. प्रणवनं तोंड उघडलं, तशी बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. नियम म्हणजे नियम. तो मान खाली घालून ऐकत राहिला. खोटं कशाला बोलू, कॅनडात आल्यापासून इतकं गोड मला काही लागलं नव्हतं. मुलाखती पुन्हा घ्याव्या लागतील, त्याही कारखान्याबाहेरच्या माणसांच्या, असं बाईंनी शेवटी सांगितलं. म्हणजे त्याचं वर्ष तरी गेलंच.

मेट्रोच्या जिन्यावर त्यानं मला गाठलं. "ताई, मी तेव्हा हॉस्टेलला होतो. मला घरात कोणी कधी सांगितलंच नाही. तुमचे बाबा बोलतील माझ्याशी?"

"आधी तुझ्या वडिलांना विचार," मी म्हणाले. "त्या सभेत काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐक. मग बघू." आणि मागे न बघता खाली उतरले.

घरी येऊन पुण्याला फोन लावला. आई गेल्यापासून बाबा एकटेच असतात. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. वाटलं, बाबा हसतील, निदान "बरी जिरवलीस" म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओढ्याचं काय म्हणाला तो? पाणी अजून सोडतात का?"

मी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांचा राग उराशी धरून त्या टेबलापर्यंत पोचले आणि तेवढं विचारायचं मला सुचलं नाही.

मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही. उद्या तो पुन्हा समोर आला, तर पुन्हा हेच करीन. पण घर म्हणजे काय, ते त्या फोनवर कळलं. बाबांचं घर अजून त्या ओढ्याकाठीच आहे. माझं तिथे फक्त वैर उरलंय, आणि तेवढ्याच्या जोरावर मी स्वतःला तिथली म्हणवते. कॉलनीतल्या लोकांनो, तुम्ही तर आजही तिथेच राहता. ओढ्यावर जा, पाणी बघा आणि बाबांना फोन करून सांगा. मला सांगू नका.