म्हशीच्या सोबतीला घोडी

निवृत्तीनंतर लोक घर बांधतात, माझ्या वडिलांनी घोडी घेतली. उभी नोकरी त्यांनी गुरांच्या दवाखान्यात काढली होती. अड्याळला घर आणि गावाबाहेर धानाचं शेत. रोज सकाळी घोडीवर बसून ते शेतावर जात आणि वाटेत कोणाची गाय अडली असेल तर तिथेच उतरत. घोडीला त्यांनी नाव ठेवलं नाही, नुसतं ‘बाई’ म्हणत. सुरुवातीला आईला वाटे, आपल्यालाच हाक मारली. ती हातातलं काम टाकून बाहेर येई आणि चिडून परत जाई.

आई गेल्यावरही हे असंच चालू होतं. मग बाबा अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि हाती वॉकर आला. मी नोकरीसाठी भंडाऱ्याला, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. बाबांनी माझ्याकडे राहायला यायचं ठरलं, त्यावर फारसा वाद झाला नाही. शेत बटईने कसायला दिलं. राहिली घोडी. तिची विशी उलटत आली होती. पाठ थोडी खचलेली, डोळ्यांच्या वर खड्डे, पण पाय धड. मला वाटलं होतं, चार ठिकाणी फोन केले की हेही काम उरकेल.

पहिला आला तो वरातीला घोडे देणारा. सभ्य माणूस होता. बाबांनी त्याला एकच विचारलं, “समोर डीजे राहते का?”

“राहतेच ना काका. त्याच्याबिगर वरात कशी?”

“मंग नाही जमत. हे कोंबडी फडफडली तरी बिचकते.”

त्याने वाद घातला नाही. चहा घेतला, घोडीची मान थोपटली आणि जाता जाता म्हणाला, “काका, नाही तं नाही. पण कसायाले नोका देऊ.”

दुसरी जागा लाखनीजवळ, हायवेला लागून. एका नागपूरकरांचं फार्महाऊस. सुटीला मुलं येतील, घोडीवर बसतील, असा त्यांचा बेत. नवीन शेड, नळ, हिरवळ. मला पसंत होतं. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून त्यांनी विचारलं, “सोमवारी इथं कोण राहते?”

“चौकीदार आहे ना. शिवाय कॅमेरे लावलेत सगळीकडे.”

“चल,” बाबा मला म्हणाले.

परतताना ट्रकांच्या रांगेमागे अडकलो, तेव्हा मी बोलले, “असं एकेकाला नाकारलं तर तिला नेणार कोण?”

“घोडी एकटी पडली का खात नाही.”

“घरी तरी कोण आहे तिला?”

“काहून? शेजाऱ्याच्या कोठ्यात म्हशी नाही का? जलमभर त्याईच्यातच तं राहिली.”

शेजारचा गोठा मी लहानपणापासून पाहत होते. त्याचा घोडीशी काही संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

आठवडाभराने मोटरसायकलवर एक जोडपं आलं, दिघोरीकडचं. नवरा तलावात मासे धरतो. गालात तंबाखूचा खर्रा धरून तो खूप बोलत होता आणि घोड्यातलं त्याला काहीच कळत नव्हतं, हे पाच मिनिटांत दिसलं.

“तुले घोडी कायले पायजे?” बाबांनी विचारलं.

“मले नाही जी. माह्या म्हशीले.”

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्याला खुर्ची दिली. त्याच्या दोन म्हशी होत्या. एकीला साप चावला, ती मेली. तेव्हापासून दुसरी दिवसभर हंबरते, दूधही आटलं. बकऱ्या आणल्या, तर त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. ही घोडी म्हशींत राहिलेली आहे, हे त्याला बाजारात कळलं आणि तो निघाला.

बायको दारातच उभी होती. “लाथ मारते का जी?”

“मारते,” बाबा म्हणाले. “मांगून जायचं नाही.”

मग तासभर ते बोलत राहिले. खूर कसे साफ करायचे, धानाच्या नुसत्या तणसावर का ठेवायचं नाही, पोट दुखू लागलं तर ओळखायचं कसं. ऑपरेशननंतर इतकं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट बायको दोनदा विचारून घेत होती.

घोडीला पिकअपमधून नेलं, आम्ही मागून गाडीने. त्यांचं घर तलावाच्या पाळीखाली. घोडी उतरताच म्हैस शिंगं खाली घालून धावली. घोडीने तिच्या पाठीला चावा घेतला. बायको ओरडली, नवऱ्याने काठी उचलली.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “त्याईचं त्याईले पाहू दे.”

दोघी अंगणाच्या दोन टोकांना गेल्या आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना तसंच सोडून आलो. घोडी परत न्या, असा फोन येणार, हे मी धरूनच चालले होते.

फोन आला, पण निराळा. म्हैस तलावात डुंबायला गेली की घोडी काठावर उभी राहून खिंकाळते आणि ती बाहेर आल्यावरच गप्प होते, असं त्याची बायको सांगत होती. “दिवसभर एकामांग एक फिरून राहिल्या जी!”

धान कापून झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. घोडी पाळीवर चरत होती. बाबांनी खालून हाक मारली, “बाई!” तिने कान टवकारले, मान वळवून पाहिलं आणि चार पावलं खाली आली. तेवढ्यात म्हैस पलीकडच्या, धान कापलेल्या बांधीकडे निघाली. घोडी थांबली, मग वळून तिच्या मागे गेली.

नवरा ओशाळला. “ओरखते जी काका तुमाले, पण...”

“ओरखते ना. पाहिलं मी,” बाबा म्हणाले. वॉकरवर दोन्ही हात टेकून, दोघी बांधीत उतरेपर्यंत ते उभे राहिले. मग चहा प्यायलो. निघताना त्याच्या बायकोने तलावातले मासे दिले. ते मी घरी येऊन तळले, बाबांनी पोटभर खाल्ले. घोडीविषयी काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते टीव्ही पाहत बसले.

दिघोरीहून फोन अजून येतो. बाबा आधी म्हशीची चौकशी करतात, मग घोडीची. म्हैस आता गाभण आहे.