बांगडीचं गाणं, अकरा घागरी

जुनी माणसं गप्पांना बसली की किस्से कसे निघतात, सांगू? डेकमध्ये कॅसेट अडकल्यावर फीत निघते तसे! टोक धरून ओढलं की आधी वीतभर येते, मग हातभर, मग ढीगच होतो आणि परत आत काही जात नाही. शब्बीरभाईंच्या दुकानाचा माझ्याकडे असाच ढीग साठलाय.

लातूरला गंजगोलाईजवळ त्यांचं गाणी भरून द्यायचं दुकान होतं. तुम्ही कोरी कॅसेट द्यायची, गाणी सांगायची, ते भरून ठेवायचे. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस नुकताच नाहीसा झाला होता. दोन्ही मागोमाग झाल्यामुळं बरेच लोक दुष्काळाचा राग जिल्ह्यावर काढायचे. मी नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क. माझं अक्षर बरं, म्हणून दुकानाबाहेरचा फळा माझ्याकडं. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त कॅसेटींवर जे गाणं भरलं गेलं, ते दर सोमवारी फळ्यावर लिहायचं. गाण्याचे खरे शब्द कुणाला पाठ नसायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "ते शिट्टीचं द्या", "ते रडकं द्या". फळ्यावरही तीच नावं.

आधी तिथं ‘लातूर नंबर एक’ असं असायचं. जिल्हा झाला तसे शब्बीरभाई म्हणाले, "कांबळे, पुसा ते. लिहा, जिल्हा नंबर एक!"

लगेच उदगीरचा एक माणूस फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा.

"जिल्ह्यात उदगीर येतंय का न्हाई?"

"येतंय की."

"मग आमाला कोण विचारलं? आमच्याकडं हे गाणं चालत न्हाई!"

शब्बीरभाईंनी त्याला स्टूल दिलं. "बसा. काय चालतं तुमच्याकडं?"

तो बसला. बराच विचार केला. म्हणाला, "लाईटच चालत न्हाई, तर गाणं कुठलं चालतंय!"

* * *

आमच्यातले तिसरे बिराजदार सर. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. रोज संध्याकाळी दुकानात यायचे, गाणं कधी ऐकायचे नाहीत, फळा मात्र वाचायचे.

एकदा म्हणाले, "शब्बीरभाई, मागल्या आठवड्यातलं नंबर एक आणि ह्या आठवड्यातलं नंबर एक, दोघांत जोर कुणाचा जास्त?"

"सर, नंबर एक म्हंजे नंबर एक. त्याच्यात छोटा-मोठा काय?"

"एका साली माझ्या वर्गात पहिला आला तो पोरगा आज इंजिनियर आहे. पुढच्या साली पहिला आला तो एकटाच पास झाला होता. दोघंही पहिलेच!"

शब्बीरभाईंनी डेकमधली कॅसेट पालटली. मग म्हणाले, "मोजायचं कशानं? तराजू आणू काय?"

माप गयाबाईनं दिलं. दुकानासमोरच्या लिंबाखाली पाण्याचा टँकर यायचा. बाया घागरी लावून रांगेत थांबायच्या आणि आमचा भोंगा ऐकायच्या. त्या आठवड्यात एक नवं गाणं आलं होतं, ज्यात ठेक्याला नुसत्या बांगड्या वाजायच्या. एक दिवस त्यांच्यातली गयाबाई रिकामी घागर घेऊन थेट काउंटरवर.

"तुमच्या त्या बांगडीपायी माझा नंबर गेला! मी ऐकत ऱ्हायले अन् मागची पुढं सरकली. आता द्या पाणी!"

सर स्टुलावरून उठलेच. "म्हणजे ह्या गाण्याचा जोर बरोबर एक घागर! दुष्काळात घागरीएवढं मोलाचं काही आहे का? तेवढं जे सोडायला लावतं, ते खरं गाणं!"

गयाबाई म्हणाली, "एक कशी? डोक्यावरची धरली, कमरेवरची कोण धरायचं?"

मी फळ्यावर लिहिलं : बांगडीचं गाणं, दोन घागरी.

* * *

शब्बीरभाई मनानं मोठे. घर दुकानामागंच. त्यांनी गयाबाईला घरच्या हौदातून दोन घागरी भरून दिल्या. ही बातमी रांगेत पसरायला एक गाणं संपायचा वेळही लागला नाही!

दुसऱ्या दिवशी नंबर गेलेल्या चार बाया आल्या. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. फळ्यावर घागरी चढत गेल्या, हौदातलं पाणी उतरत गेलं. सर खूष! असा आलेख त्यांनी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता म्हणे.

शेवटी शब्बीरभाईंच्या पत्नी रजियाभाभी दुकानात आल्या. "हौद तळाला गेला. उद्यापासून पडेल गाणी लावा!"

शब्बीरभाईंनी कपाटातून एक कॅसेट काढली. कुणी कधी विकत न घेतलेली. गाणाऱ्याला सर्दी झालेली असावी आणि पेटीवाल्याला घाई. ती लावून ते निवांत बसले.

अर्ध्या तासात काउंटरवर ही गर्दी! सगळ्यात पुढं गयाबाई, डोळ्याला पदर लावून.

"लई जीव लावणारं गाणं हाय हो भाई. माझे तीन नंबर गेले!"

* * *

मग हौदाला कुलूप लागलं, पण माप राहिलं. बांगडीचं गाणं तेव्हा अकरा घागरींवर होतं.

आमच्या कचेरीतले नायब तहसीलदार टँकरची पाहणी करायला आले. कलेक्टरसाहेबांची जीप कोपऱ्यावर थांबलेली. पुढं दौरा होता. नायबसाहेब फळ्यासमोर थबकले. मी दुकानात होतो, तो डेकच्या मागं झालो. पण माझं अक्षर ते रोज बघायचे!

"कांबळे! बाहेर या. ही बांगडी कोण? हिच्याकडं अकरा घागरी पाणी आलं कुठून?"

"साहेब, ते गाणं आहे."

"गाण्याला पाणी लागतं?"

शब्बीरभाई मधे पडले. "दुसऱ्याच्या लागत नसेल साहेब. आमच्या गाण्याला लागतं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पाण्याचा काळाबाजार, सरकारी नोकराचा हात, निलंबन, सगळं बोलून झालं. घरी आई, लहान बहीण, सगळं घर एकट्या माझ्या पगारावर. बिराजदार सर म्हणाले, "साहेब, एकदा ऐकून घ्या आणि मग काय ते लिहा." शब्बीरभाईंनी गाणं लावलं.

साहेब रागानं ऐकायला लागले. मग नुसतेच ऐकायला लागले. दुसऱ्या कडव्याला त्यांचं बोट फळ्याच्या चौकटीवर ठेका धरत होतं. गाणं संपलं तेव्हा ते भानावर आले आणि कोपऱ्याकडं बघितलं. जीप गेली होती! कलेक्टरसाहेब त्यांना सोडूनच दौऱ्यावर निघून गेले होते.

साहेब जीपच्या मागं पळत सुटले. सरांनी खडू घेतला आणि स्वतःच्या हातानं फळ्यावर भर घातली : अधिक एक नायब तहसीलदार.

निलंबनाचं पुढं कुणी काढलं नाही. कशाबद्दल म्हणून लिहिणार?

* * *

रजियाभाभींचा भाऊ सलीम. त्याचं नांदेडला असंच दुकान आणि असाच फळा. ईदला आला आणि आमची घागर बघून हसायला लागला.

"आमच्याकडं गोदावरी हाय, विष्णुपुरीचं धरण हाय! रांगेतल्या बाईला थांबवण्यात कसला जोर? आमचं नंबर एक एसटी चुकवतंय, एसटी!"

सर अस्वस्थ झाले. दोन जिल्ह्यांची दोन मापं, तुलना करणार कशी? एक एसटी म्हणजे किती घागरी? ते गयाबाईलाच विचारायला गेले.

"कुठली एसटी?" गयाबाईनं विचारलं. "म्हायेरची चुकली तर धा घागरी धरा. सासरची चुकली तर गाणंवाल्याला मीच एक घागर देते!"

मग ठरलं की सामना अहमदपूरच्या स्टँडवर करायचा. दोघांनाही मध्ये पडतं. दोन टेपरेकॉर्डर, स्टँडची दोन टोकं. ज्याच्या गाण्यापायी जास्त माणसांची गाडी चुकेल तो जिंकला. सर रुमालानं घाम पुसत मधोमध उभे.

लातूरची गाडी लागली. माणसं चढून बसली. आम्ही गाणं लावलं. ड्रायव्हर कपबशी घेऊन खाली उतरला आणि आमच्या टेपजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या मागून कंडक्टरही आला. गाणं संपलं, त्यांनी परत लावायला सांगितलं. तिकडून सलीमनं त्याचं गाणं मोठं केलं, तसे दोघं तिकडं गेले. आम्ही मोठं केलं, की पुन्हा इकडं!

गाडी जागच्या जागी.

सलीम ओरडला, "गाडीच निघाली न्हाई, तर चुकली कुणाची? लातूर शून्य!"

सर नियम आठवू लागले. तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं मुंडकं बाहेर काढलं.

"आमची समद्यांची चुकली की ओ! आत बसूनच चुकली!"

* * *

औशाकडच्या एका लग्नात नवऱ्याच्या बापानं बँडवाल्या विठ्ठल मास्तरला बजावून ठेवलं होतं, "माझ्या पोराच्या मिरवणुकीत जिल्हा नंबर एकच वाजलं पाहिजे. खालचं काही चालणार न्हाई!" आम्ही तिघं पाहुणे म्हणून गेलो होतो. आपलं गाणं मिरवणुकीत कसं दिसतं ते बघायचं होतं.

नवरदेव घोडीवर चढला, मास्तरनं क्लॅरिनेटवर बांगडीचं गाणं उचललं आणि घोडी उभी राहिली. ओढली, ढकलली, गूळ दाखवला. ती हलेना! घोडीवाला म्हणाला, "मास्तर, जुनं ते टाळ-चिपळीचं वाजवा." मास्तरनं वाजवलं, घोडी चालली. नवऱ्याचा बाप धावत आला, "बंद करा! नंबर एक म्हटलं न्हाई का मी?" बांगडी सुरू झाली, घोडी पुन्हा खांब.

शेवटी तडजोड झाली. पाहुण्यांसमोर घोडी उभी करून नंबर एक, आणि पाहुणे संपले की पुढच्या पाहुण्यांपर्यंत टाळ-चिपळी! मारुतीच्या देवळाशी पोचेस्तोवर नवरदेवाच्या मुंडावळ्या सुकल्या.

बिराजदार सरांचा चेहरा उजळला होता. "शब्बीरभाई, खरं माप आज सापडलं. हॉर्सपॉवर! आपलं नंबर एक... शून्य."

शब्बीरभाईंना ते फार लागलं. जेवले नाहीत. हात धुवायच्या जागी घोडीवाला भेटला, त्याला विचारलं, "घोडी कुठली रे?"

"नांदेडची."

"असं!" शब्बीरभाई परत मांडवात येऊन बसले आणि म्हणाले, "वाढा."

* * *

निलंग्याकडून माणिकराव म्हणून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, धोतर, डोक्याला रुमाल. खिशातून कॅसेट काढली.

"फीत घासून गेलीय. दुसऱ्या कॅसेटीवर घ्या."

"कोणतं गाणं हाय?"

"लावा की. कळतंय."

शब्बीरभाईंनी लावली. भोंगा सुरूच होता. आधी नुसती खरखर. मग डिझेल इंजिनाची डुगडुग. एक कुत्रं भुंकलं. माणिकरावांचाच आवाज आला, "बोलू का रे आता? भरायलंय का?" माणिकराव म्हणाले, मेव्हण्यानं टेप नवा घेतला होता, तो त्यांच्या विहिरीवर तपासून बघितला होता. विहिरीला पाणी होतं तेव्हाची गोष्ट.

मग पाइप खोकला आणि हौदात पाणी पडायला लागलं. पडतच राहिलं. मधेच लांबून एका बाईची हाक आली, "ओ, चहा झालाय, या की!" आणि परत पाणी.

रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" बघतो तर रांग मोडली होती. घागरी घेऊन सगळ्या बाया, बाप्ये आमच्या दुकानाकडं धावत येत होते, आणि भरल्या टँकरवर टँकरवाला एकटाच हातात पाइप धरून उभा! दारात आल्यावर त्यांना कळलं की ही कॅसेट आहे. मला वाटलं, आता आम्हाला मारतात. पण परत कुणी फिरेना. गयाबाई घागर खाली ठेवून म्हणाली, "पुन्यांदा लावा."

त्या सोमवारी मी फळ्यावर ‘पाण्याचं’ एवढंच लिहिलं. घागरींचा आकडा सर सांगेनात. लोक कोऱ्या कॅसेटी घेऊन यायला लागले. "पाण्याचं भरून द्या." गोदावरीच्या काठावर बसलेल्या सलीमनंसुद्धा मागवलं!

माणिकराव कॅसेट न्यायला आले, तेव्हा शब्बीरभाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला. विचारायचं होतं, पण धीर होईना.

"माणिकराव, तुमचं पाणी लोक मागायलेत. देऊ का?"

"द्या की. माझ्या विहिरीचं असंही लोकच प्यायचे."

"अजून एक. काही गिऱ्हाइकं म्हणतात, मधी ती बाईची हाक येती, तेवढी काढा. नुसतं पाणी पाहिजे. काढू का?"

माणिकरावांनी बशीतला चहा संपवला.

"काढा."

शब्बीरभाई जरा चपापले. "काढू ना? राग न्हाई ना?"

"राग कशाचा? पाणी तुमी ठेवा. काढलेलं तेवढं मला कॅसेटीवर द्या."

"अहो, ते एवढंसं हाय. कॅसेट साठ मिनिटांची."

"मग पुन्हा पुन्हा भरा."

"किती वेळा?"

"कॅसेट संपस्तोवर."