बऱ्या बाईचं औषध

कळंबच्या एका रिसॉर्टात चादरी धुणाऱ्या सुंदराला डोकं ठणकलं तरी गोळी घ्यायचा कंटाळा. तीच बाई आता अंगात काही नसताना रोज सकाळी एक गोळी गिळत होती.

तिचा नवरा नामा चौक गावच्या नाक्यावर टेंपो लावतो. गेल्या महिन्यात त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट सुरू झाल्या. सुंदराचा रिपोर्ट मात्र स्वच्छ आला. तिथल्या समिधा मॅडम म्हणाल्या, "औषधानं त्याचा विषाणू दबेपर्यंत तू रोज ही गोळी घे, म्हणजे तुला लागण होणार नाही." पहिली बाटली एका संस्थेनं दिली, पुढच्या विकत घ्यायच्या होत्या. सुंदरानं मान डोलावली, पण काही डोक्यात शिरेना. आजारी तो, मग औषध दोघांना कसं? एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं, की घरात पाच वर्षांची हर्षला आहे आणि तिच्या आईबापांपैकी एकानं तरी धडधाकट राहायलाच हवं.

बाटलीत आठ गोळ्या उरल्या तेव्हा ती रिसॉर्टच्या ऑफिसात गेली. यंदा सगळ्या कामगारांना विम्याचं कार्ड मिळालं होतं आणि त्यात औषधंही बसतात असं सांगितलं होतं. फॉर्म भरून द्यायचं काम देवेशकडे. तो गावच्या नात्यानं तिचा दीर.

"आजार काय लिवू, वैनी?"

"आजार नाय."

"मग औषध कशाला?"

"आजार होऊ नये म्हणून."

देवेशनं पेन खाली ठेवलं. असा रकाना फॉर्मवर नव्हता. मग त्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं गोळीचं नाव मोबाइलमध्ये घातलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ही तर त्या आजाराची गोळी हाय, वैनी. कोणाला झालाय? नामादादाला?"

आता आली पंचाईत. हो म्हणावं तर उद्या चौकपर्यंत बोभाटा, आणि मग नामाच्या टेंपोत कोणी भाजीची जुडीसुद्धा ठेवणार नाही. नवऱ्याचं झाकायची तिला खोडच होती. लवकर मूल होईना तेव्हाही सगळा दोष अंगावर घेऊन ही एकटीच दवाखान्याच्या पायऱ्या चढली होती. ती बोलून गेली, "मला हाय. माझ्याच नावावर लिवा."

त्यानं लिहिलं. कागद जोडायचे म्हणून तिनं घाईत, विचार न करता, पिशवीतला आपला रिपोर्टही काढून दिला. इंग्रजी रिपोर्ट देवेशनं वाचला नाही. विम्याच्या माणसांनी वाचला.

पुढचे सहा दिवस देवेश तिच्याशी दारातूनच बोलला. तिला राग आला, रडू आलं, पण खोटं आपणच बोललो, तर भांडायचं कोणाशी तेही कळेना.

सातव्या दिवशी त्यानं तिला आत बोलावून खुर्ची दिली. "उत्तर आलं, वैनी. अर्ज नामंजूर. रिपोर्टात आजारच नाय म्हणतात. तुमी एकदम बऱ्या हाय. पेढे द्या आता."

"आन् गोळ्या?"

"त्या आजारी माणसाला. तुमाला आजार झाला की नवा रिपोर्ट जोडायचा, परत अर्ज करायचा."

आनंद मानावा की कपाळ बडवून घ्यावं, सुंदराला ठरवता येईना. बाटलीत उद्यापुरती एकच गोळी होती.

"भावजी," ती म्हणाली, "मी बरी हाय हे तुमालाबी पटलं, त्यांनाबी पटलं. मग बरंच राहायचं असलं तर अर्ज कुठं करायचा?"

देवेशनं नवा कोरा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि तसाच तिच्या हातात दिला.