वाटीभर शेवाळ

आमचे शेजारी आगबोटीवरची नोकरी सोडून घरी आले आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असताना त्यांनी परसात पोहायला जांभ्या चिऱ्याची तळी बांधली. कुणी हसलं की म्हणायचे, "समुद्राचा तळ कदी दिसला नाय ओ मला. हितं दिसतो."

तो तळ दिसत राहावा म्हणून त्यांचा जीव नुसता खालीवर. रोज सकाळी काथ्याने चिरे घासायचे. पाण्यात आंब्याचं पान पडलं तर हातातला चहा टाकून धावायचे. डोक्याला तेल लावून आलेल्याला तळीत उतरू देत नसत, मग तो स्वतःचा जावई का असेना!

शेवाळ खायला आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, तसं त्यांनीही एक आणून सोडलं. घासणं मात्र थांबवलं नाही.

एका सकाळी ते वाटी घेऊन माझ्या दारात उभे. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, तुमच्या विहिरीतलं वाईच शेवाळ द्याल काय?"

"तुम्हाला? आणि शेवाळ?"

"कासव हलत नाय ओ. माझ्या तळीत त्याला खायला कायच उरलं नाय."

मी हसू दाबलं आणि पायरीवरचं शेवाळ खरवडून वाटी भरून दिली.

महिन्याभराने कुंपणावरून पाहिलं, तर स्वारी तळी घासत होती. एक कोपरा मात्र हिरवागार, आणि त्यात कासव मान काढून चरत होतं. मला बघून ते लाजले.

"जेवतंय ते," म्हणाले. "भरल्या ताटावरनं हात कसा फिरवू?"