हिरवा झेंडा वेळेवर पोचला

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या पहाडात होती. रँक हवालदार. पलटणीच्या स्थापना दिनासाठी पाच मोटारसायकलींची राइड निघाली आणि तिचं नेतृत्व माझ्याकडे आलं. गावाकडे लोकांना वाटतं, बर्फ, झरे, फोटो, म्हणजे साहेबांची मजाच होती. फोटो आहेत खरे. त्यात आम्ही पाचही जण हसतोय.

ताफ्याची रीत आधी सांगतो. शेवटच्या गाडीवर हिरवा झेंडा असतो. पुढच्याला आरशात तो दिसला की सगळे आले असं धरायचं. शेवटी होता नाईक हिरामण राठोड, फुलसावंगीकडच्या घाटावरच्या तांड्यातला. त्याच्या पुढे सिपाही आत्राम, पांढरकवड्याचा. मी बोरी अरबचा. एका जिल्ह्याचे तिघे, त्यामुळे हुकूम हिंदीत आणि शिव्या वऱ्हाडीत.

०५४० ला निघालो. हिरामणच्या गाडीची चेन सैल होती. दोनदा उतरली, दोनदा सगळे थांबलो. ढग खाली येत होते. १०२० च्या हॉल्टवर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

"राठोड, आता झेंडा मांगं राह्यला त गाठ माह्याशी आहे."

"नाही राहत, हवालदारसाहेब."

पुढे दरडीचा दीड किलोमीटरचा पट्टा होता. वरच्या अंगाला डोझर सैल दगड खाली लोटत असे. आम्ही जाईपर्यंत कंट्रोलने त्याचं काम थांबवलं होतं. १११० ला मी पट्टा ओलांडला आणि वळणावर आरशात पाहिलं. धुक्यात गाड्या नीट दिसत नव्हत्या, हिरवा रंग तेवढा दिसला. रेडिओ वाजला.

"अल्फा, कंट्रोल. पार झालात? ओव्हर."

"कंट्रोल, अल्फा. पाचही पार. ओव्हर."

"रॉजर. काम चालू करतोय. आउट."

झेंडा आत्रामच्या गाडीवर होता. पट्ट्याच्या मधोमध हिरामणची चेन तिसऱ्यांदा उतरली. आत्राम मदतीला थांबला, तर हिरामणने झेंडा उपसून त्याच्या हातात दिला. "हा घे अन् पुढं हो. झेंडा मांगं राह्यला त साहेब खवळतीन. मी आलोच पाच मिन्टात." नाईकाचा हुकूम सिपायाने पाळला. हे तो माझ्याजवळ येऊन सांगत होता, तेवढ्यात मागे दगडांचा आवाज झाला. मी रेडिओवर "स्टॉप, स्टॉप" ओरडलो. तेव्हा १११४ झाले होते.

चौकशी झाली. ठपका माझ्यावर आला, तो मी मान खाली घालून घेतला. वर्षभराने निवृत्त झालो. हिरामणच्या घरी मात्र एवढंच कळवलं गेलं की दरड कोसळली. झेंडा मी कुणाला परत केला नाही.

तेव्हापासून दर भाद्रपदात आम्ही उरलेले चौघे मोटारसायकलवरून त्याच्या आईला भेटायला जातो. दोघे बाहेरच्या जिल्ह्यातून रेल्वेने येतात आणि इथे कुणाच्या तरी गाड्या मागून घेतात. शेवटच्या गाडीवर तोच झेंडा. घाट तेव्हा देखणा असतो. सागाला पांढरे तुरे आलेले, खाली कपाशी हिरवीगार, वळणावळणावर पोरं मोबाइलसमोर नाचत असतात. मला त्यातलं काही बघवत नाही. माझी नजर आरशात. कंबर बोलते, गुडघा बोलतो, आणि खरं सांगायचं तर दरवर्षी जायचं जिवावर येतं.

तांड्यात आईला याडी म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. यंदा याडीने चहा दिला आणि गाडीवरच्या झेंड्याकडे बोट केलं.

"हिरामन सांगे, झेंडा माह्याकडंच रायते म्हणून. त्याच्या पेटीत सारं आलं. कंगवा बी आला. मंग झेंडा तुमच्याकडं कसा?"

आत्रामने कप खाली ठेवला. "याडी, मीच तो..."

"आत्राम, चूप," मी म्हणालो. पाच वर्षं याच प्रश्नाला भीत होतो. म्हातारीने दार लावून घेतलं असतं, तर हिरामणचं नाव घेऊन जायला मला दुसरं घर नव्हतं. तरी सांगितलं. झापलं ते, आरसा, रेडिओ, डोझर, सगळं. वेळेसकट.

तिने पदराने कपाची कड पुसली. पुन्हा पुसली.

"कोनाचं आइकत नोता तो," ती म्हणाली. "बापाचं नाही, माह्यं नाही. तुमचं आइकलं."

मला रडू आलं. लपवलं नाही.

"इतके साल चाय पेऊन गेले. काहून नाही सांगतलं?"

"भेलो, याडी."

ती उठली. गाडीजवळ जाऊन झेंड्याची गाठ तिने स्वतः सोडली. घट्ट होती, वेळ लागला. आम्ही कुणी हात लावला नाही. झेंड्याची घडी करून ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच बोलली.

"हा घरी राहीन. पुढच्या साली तुमी या का नोका येऊ, ते मी आज नाही सांगत."

घाट उतरताना शेवटच्या गाडीवर काहीच नव्हतं. मी प्रत्येक वळणावर थांबलो. एकेकाचा चेहरा दिसेपर्यंत पुढे गेलो नाही. पोरांनी हॉर्न वाजवले, वाजवू दिले. पायथ्याशी चारही इंजिनं बंद केली. दरवर्षी इथे आत्राम विचारतो आणि मी "ऑल ओके" म्हणतो. जुनी खोड. त्याने विचारलं.

"हवालदारसाहेब, रिपोर्ट?"

"चार पार," मी म्हणालो. "राठोड मागे आहे. काम चालू करू नका."